नांदूर मधमेश्वर: फोटोसाठी जायचं तर होळीच्या आगेमागे जा

रानमोगरी

दरवर्षी दिवाळी झाली की "नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला कधी जावं?" असा धागा निघतो आणि उत्तर ठरलेलं असतं: डिसेंबर, जानेवारी. पक्ष्यांच्या संख्येच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. पण कॅमेरा घेऊन जाणार असाल तर मी म्हणेन, होळीच्या आगेमागे जा. गर्दी ओसरलेली असते आणि जे पाहुणे अजून मुक्कामाला आहेत ते परतीच्या आधी नटलेले असतात.

यंदाही तेच केलं. भाऊ बरोबर होता. नाशिकहून अंधारातच निघालो. निफाडच्या पुढे द्राक्षांचा खुडा जोरात चालला होता, पहाटेच पिकअपमध्ये क्रेट चढत होते. चापडगावच्या बाजूला पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं.

जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बंधारा घातला. शंभरेक वर्षांत मागे इतका गाळ साचला की उथळ तळी, बेटं, पाणगवताचे पट्टे असं सगळं आपोआप तयार झालं. पाटबंधाऱ्यांच्या वहीत जे नुकसान, तेच बदकांचं भांडवल.

मनोऱ्यावरून पहिली नजर टाकली ती भुवई बदकांवर. डिसेंबरात याच बदकांचे फोटो काढून "भुवई कुठंय?" असं विचारणारे इथे बरेच आहेत. कारण सोपं आहे. या जातीचा नर हिवाळ्याचा बराचसा काळ मादीसारख्याच मळकट तपकिरी पिसांत काढतो. फेब्रुवारीच्या सुमारास त्याला खरी पिसं येतात. मग डोळ्यावरून मानेपर्यंत जाणारी पांढरीशुभ्र कोयरी, चॉकलेटी डोकं, पाठीवरून खाली ओघळणारी काळी-पांढरी लांब पिसं. एक जोडी गवताच्या कडेने आली, आमच्यापासून फार तर पंचवीस पावलांवर. नर मान मागे टाकून आवाज काढत होता, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा कोरडा कर्रर्र. मादीने ढुंकूनही पाहिलं नाही, ती चोच पाण्यात घालून चरत होती. (प्रकाशचित्र, म्हणजे प्र.चि. 1 ते 4)

तलवार बदकं आणि थापटे होते, पण आता विरळ. हळदी-कुंकू बदकं, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या हे घरचेच. कडेला म्हशी चरत होत्या आणि त्यांच्या पायांत पिवळे धोबी. हेही मार्चातच पाहावेत. थंडीत सगळे फिके, सारखेच दिसतात. आता नरांची छाती हळदीसारखी झालेली आणि डोक्याचे रंग वेगवेगळे: कुणाचं राखाडी, कुणाचं काळंभोर, कुणाला पांढरी भुवई. एकाच जातीच्या या उपजाती वेगवेगळ्या मुलखांत घरटी करतात आणि इथे एकाच म्हशीच्या मागे फिरतात.

दिवसाचा फोटो मात्र भावाला मिळाला. राखी बगळ्याने दिवड धरली होती, चांगली हातभर. तिने बगळ्याच्या चोचीला आणि मानेला वेढे घातले. त्याने तिला पाण्यात बुडवलं, झटकलं, काठावर आपटलं, पुन्हा बुडवलं. वेढा सुटला की हा तिला चोचीत सरकवत सरकवत डोक्याकडे आणायचा, की ती पुन्हा वेढा घालायची. शेवटी डोकं चोचीत आलं आणि मग तीन-चार आवंढ्यांत साप गेला. शेपटीचं टोक बाहेर राहिलं होतं तेवढ्यात त्याने दोन घोट पाणी प्यायलं. (प्र.चि. 9 ते 15. जेवताना बघू नका.)

साडेनऊनंतर कॅमेरे ठेवून दिले. मार्चात ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. लांबचा फोटो कितीही भारी लेन्सने काढा, मऊच येतो. लोक लेन्स दुरुस्तीला टाकतात, फोकस जुळवून आणतात, पण दोष हवेचा असतो. जवळचे पक्षी घ्या नाहीतर सावलीत बसून डबा खा. चारनंतर पुन्हा उजेड कामाचा होतो.

आता ज्यासाठी खरं तर धागा काढला ते. संध्याकाळी वाटेवर चार-पाच जणांचा ग्रुप होता, सगळ्यांकडे मोठ्या लेन्स. बदकं निवांत चरत होती. एकाने टाळ्या वाजवल्या, नाही उडाली. मग ढेकूळ फेकलं. अख्खा थवा उठला, यांचे शटर कडाडले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. बोलायला गेले तर "मॅडम, परत बसतात की" असं उत्तर मिळालं. वर्षातल्या ज्या दिवसांत पक्षी सर्वांत देखणे दिसतात, त्याच दिवसांत त्यांना निवांत चरू देण्याची सर्वांत जास्त गरज असते. तुमचं काय मत?

चिंगीची आई

मस्त धागा मोगरीताई! बगळ्याची मालिका चिंगीने तीनदा बघितली, वरण-भात खात खात. आठ वर्षांच्या मुलीला नेलं तर कंटाळेल का? आमच्याकडे मोठा कॅमेरा नाही, एक दुर्बीण आहे, 8x42 लिहिलंय तिच्यावर.

रानमोगरी

8x42 म्हणजे उत्तम. 10x पेक्षा मुलांना हीच बरी, हात हलला तरी चित्र कमी हलतं. कंटाळणार नाही, फक्त बदकांपासून सुरुवात करू नका. शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, चमचा हे आधी दाखवा. चमचा चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो, ते बघून मुलं हसतात. टोपी आणि पाणी विसरू नका. निफाड थंडीत राज्यातल्या नीचांकी तापमानासाठी पेपरात येतं म्हणून मार्चात स्वेटर घेऊन येणारे मी बघितलेत.

लेन्सवाला बंड्या

फोटो कडक. सेटिंग्ज द्या ना ताई. माझ्याकडे 150-600 ची लेन्स आहे, बगळे नेहमी भाजून निघतात, पांढऱ्यात काही तपशीलच राहत नाही.

आणि शेवटच्या मुद्द्यावर थोडा असहमत. ढेकूळ मारणं चूकच. पण टाळी वाजवून एकदा उडवलं तर काय मोठं बिघडतं? चक्कर मारून परत तिथेच बसतात. नाहीतर फ्लाइट शॉट मिळायचा कसा? दिवसभर बसून राहायला आम्हाला सुट्टी कोण देतो.

रानमोगरी

आधी सेटिंग्ज. ऊन स्थिर असेल तर मॅन्युअलवर जा. उजेड सगळ्यांवर सारखाच पडतोय, त्यामुळे काळा वारकरी आणि पांढरा बगळा दोघांना एकच एक्स्पोजर लागतं. पांढऱ्याला सांभाळून एकदा ठरवलं की दिवसभर हात लावायची गरज नाही, ऊन बदललं तरच. ऑटोवर असलात तर कॅमेरा मागचं गडद पाणी बघतो, फोटो उजळवतो आणि बगळा भाजतो. तेव्हा एक्स्पोजरची भरपाई उणे दोन-तृतीयांश किंवा उणे एक. उडत्या बदकाला 1/2000 च्या खाली जाऊ नका, त्यांचे पंख फार भरभर हलतात. बसलेल्यासाठी जमिनीला टेका. मनोऱ्यावरून काढलेल्या फोटोत पक्ष्याची फक्त पाठ आणि पाणी येतं, नजरेला नजर मिळत नाही.

आता उडवण्याबद्दल. बंड्याभाऊ, बदकं न उडवताही उडतात. त्यांना उडायला शंभर कारणं आहेत, आपण एकशे एकावं कशाला व्हायचं? दोन गोष्टी बघा. एक, वारा. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याच्या तोंडावर जातो. वारा तुमच्या पाठीवर येईल असे बसलात की तो तुमच्याकडे तोंड करून उतरतो. उडवलेला पक्षी मात्र कायम तुमच्यापासून लांब जातो, त्या ग्रुपला मिळाले ते सगळे बुडाचे फोटो असणार. दोन, बदक उडायच्या आधी सांगतं. चरणं थांबतं, मान ताठ होते, डोकं वर-खाली हलायला लागतं, मग शेजारचंही तसंच करतं. हे दिसलं की बोट शटरवर.

पंखपुराण

मोगरीताईंना अनुमोदन. "एकदा उडवलं तर काय" याचं उत्तर जरा विस्ताराने देतो.

या दिवसांत स्थलांतरी पक्षी भूक असेल तेवढं खात नाहीत, त्याहून कितीतरी जास्त खातात. कातडीखाली चरबी साठवतात, तेच प्रवासाचं इंधन. भुवई बदकं, तलवार बदकं, थापटे हे मध्य आशिया, सायबेरियाकडे जाणारे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भरतपूरला पायात कडी घातलेली बदकं पुढे सायबेरियात सापडल्याच्या नोंदी आहेत. मध्ये हिमालय नाहीतर वाळवंट. उडणं हे पक्ष्याच्या आयुष्यातलं सर्वांत महागडं काम, त्यातही पाण्यावरून एकदम उठणं. एका उड्डाणात चरबी जाते आणि परत बसल्यावर निर्धास्तपणे चरायला लागेपर्यंतचा वेळ जातो तो वेगळा. डिसेंबरात हा तोटा भरून काढायला दोन-तीन महिने असतात. मार्चात ती मुभा नाही.

आणि "एकदा" हे तुमच्या बाजूने एकदा. तुम्ही गेलात की पुढची गाडी येते, तिचंही एकदाच असतं.

दुसरं एक कुणी बोलत नाही. मार्च-एप्रिलपासून आपल्याकडचे पक्षी जमिनीवर अंडी घालायला लागतात. टिटवी, नदी सुरय, पुढे शेकाट्या. घरटं कसलं, नुसता खळगा. चांगल्या अँगलसाठी काठाकाठाने, बेटांवर फिरणाऱ्याच्या बुटाखाली अंडं कधी आलं ते त्याला कळतही नाही. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की "काय भारी पोझ" म्हणून थांबू नका. आल्या पावली मागे या.

भटकी मांजर

+१००. पंखपुराण, वाचनखूण साठवली आहे.

बाय द वे, रामसर रामसर म्हणतात ते काय प्रकरण आहे? तिथल्या बोर्डावर वाचलं होतं.

पंखपुराण

रामसर हे इराणमधलं कॅस्पियन समुद्राकाठचं गाव. 2 फेब्रुवारी 1971 ला तिथे पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून तो दिवस पाणथळ दिन. नांदूर मधमेश्वर ही महाराष्ट्रातली या यादीतली पहिली जागा, घोषणा जानेवारी 2020 मधली. मग त्याच वर्षी लोणार आणि 2022 ला ठाण्याची खाडी. अभयारण्य म्हणून मात्र ते 1986 पासूनच आहे.

लेन्सवाला बंड्या

वाऱ्याचा मुद्दा पटला, मनापासून आभार. हे कुठल्याच यूट्यूबवाल्याने सांगितलं नव्हतं.

पण बाकीचं अर्धंच पटलं. मी स्वतः तिथे बघितलंय, दलदली भोवत्या, म्हणजे आपला मार्श हॅरियर, सकाळपासून थव्यावरून दहादा घिरट्या घालतो आणि प्रत्येक वेळी बदकं उठतात. मासेमारीच्या होड्या फिरतात. काठावर पंप चालतात, ट्रॅक्टर जातात, म्हशी थेट पाण्यात. या सगळ्यात एक टाळी वाजवणारा फोटोवालाच तेवढा खलनायक? त्यांना कुणी धागा काढून विचारत नाही.

रानमोगरी

प्रश्न रास्त आहे. होड्या आणि पंप तिथे लोकांच्या पोटासाठी आहेत आणि पक्ष्यांना त्यांची सवय झालीय. म्हशी तर धोब्यांना हव्याच असतात, पायाखालून किडे उठतात. भोवत्याचं म्हणाल तर बदकांना त्याच्यापासून उडायलाच हवं, तो त्यांना खातो. आपण खात नाही. आपल्याला फक्त फोटो हवाय, आणि तो न उडवता मिळतो हे तुम्हालाही आता माहीत आहे. उलट भोवत्या आला की तयार राहा. थवाही मिळतो, वर शिकारीही त्याच चौकटीत. (प्र.चि. 22 तसाच मिळाला.)

निफाडकर

गावचा माणूस म्हणून थोडं बोलतो.

बंड्याभाऊ म्हणतात त्यात तथ्य आहे. आम्ही लोक बागेत पक्षी हाकलतो, पत्र्याचे डबे वाजवतो, चमकीच्या पट्ट्या बांधतो, जाळ्या टाकतो. बुलबुल, साळुंक्या, पोपट आणि आता परतीच्या भोरड्या. भोरड्यांचा थवा बागेत उतरला तर शेतकरी कॅमेरा काढत नाही. आणि तुम्ही मंडळी तेच पक्षी बघायला पेट्रोल जाळून येता. गंमत वाटते, राग नाही.

पण पाण्यावरच्या पक्ष्याला गावात कुणी ढेकूळ मारत नाही. आमच्याकडची बरीच पोरं आता गाईड म्हणून उभी राहिलीत, त्यांचं घर त्यावर चालतं. पक्षी लांब गेला की पुढच्या पाहुण्याला दाखवायचं काय? तेव्हा गाईड घ्या. पक्षी आज कुठल्या अंगाला आहेत हे त्याला पहाटेच ठाऊक असतं, तुमचे दोन तास वाचतात. आणि त्याला "जरा होडी आत घे", "जरा उडव" असा आग्रह करू नका. गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून पोरगं नाही म्हणत नाही.

दुसरं, पाणी. इथली पातळी पावसावर कमी आणि आवर्तनावर जास्त. या बंधाऱ्यातून डावा-उजवा कालवा कोपरगाव, राहात्याकडे जातो, जलदगती कालवा वैजापूर, गंगापूरकडे. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं की पाणी चढतं, चिखलाचे पट्टे बुडतात, तुतारी, चिखल्या, गॉडविट असले चिखलात चोची खुपसणारे पक्षी पांगतात. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि सगळे परत हजर. फक्त रविवार बघून येणारे मग म्हणतात, काही नव्हतं राव. वरून जलपर्णी वाहून आली तर अजून वेगळं, मोकळं पाणीच झाकलं जातं.

तिसरं, फार महत्त्वाचं. निफाड तालुक्यात उसात बिबटे आहेत. फोटोसाठी अंधारात उसाच्या कडेकडेने एकट्याने वाकून चालू नका. लहान मुलं बरोबर असतील तर अजिबात नाही. चिंगीच्या आई, हे तुम्हाला खास.

चिंगीची आई

बापरे. बिबट्याचं ऐकून चिंगी आता जायचंच म्हणून हटून बसलीय.

सई_टी

छान चर्चा. मदत हवी आहे. मागच्या आठवड्यात तिथेच काढलेला फोटो जोडलाय. तपकिरी छोटं बदक, एकटंच. ही चक्रांगाची मादी की भुवई बदकाची? ॲपने दोनदा दोन उत्तरं दिली.

पंखपुराण

चेहरा बघा. भुवई बदकाच्या मादीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा असतो: डोळ्यातून जाणारी गडद रेघ, वर फिकट भुवई, चोचीच्या बुडाशी एक फिकट ठिपका आणि गालावर आणखी एक पुसटशी गडद रेघ. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्यामानाने साधा, पण शेपटीच्या बुडाशी बाजूला एक फिकट आडवी रेघ असते. तुमच्या फोटोत ती रेघ स्पष्ट आहे आणि गाल कोरा. चक्रांग. चोचही बघा, भुवई बदकाची जरा लांब आणि जड वाटते.

सई_टी

दिसली रेघ! इतके दिवस ती शेवाळाची काडी समजत होते. आभार.

थेम्सकाठचा पाटील

लंडनहून हजेरी. हे भुवई बदक इकडे उलट्या हंगामात भेटतं. तुमच्याकडे ते थंडीचं पाहुणं, इथे उन्हाळ्याचं. मार्चात आफ्रिकेकडून येतं, थोड्याच जोड्या इथे घरटी करतात आणि शरदात परत जातात. बाकीची बदकं इथे थंडीत येतात, हे एकटंच उन्हाळ्याला येणारं. नर दिसल्याची बातमी फुटली की दुर्बिणी घेऊन रांग लागते.

उडवण्याच्या वादात एक भर. इथे 1981 च्या वन्यजीव कायद्यात हे बदक पहिल्या परिशिष्टात आहे. घरट्यापाशी किंवा पिलांपाशी मुद्दाम त्रास देणं हा गुन्हा. त्यामुळे विणीच्या काळात पक्षीमित्र जागा जाहीरच करत नाहीत. फोटोसुद्धा हंगाम संपल्यावर टाकतात. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर लगेच लोकेशन जातं, तेवढं थांबवलं तरी खूप झालं.

भटकी मांजर

पाटील, हे भारी आहे. लोकेशनबद्दल मम. गेल्या वर्षी एका घुबडाच्या ढोलीचं लोकेशन आमच्या ग्रुपवर पडलं आणि पुढच्या रविवारी झाडाखाली पार्किंगला जागा नव्हती.

लेन्सवाला बंड्या

ठीक आहे मंडळी. टाळी बंद. होड्यांबद्दलचं माझं मत तसंच आहे, तिथे काहीतरी नियम हवा. मोटरबोट आणि वल्ह्याची होडी यात फरक करा एवढंच म्हणतो.

या रविवारी जायचा विचार आहे. वारा पाठीवर घेऊन बसतो आणि भोवत्याची वाट बघतो. मोगरीताई, संध्याकाळी कुठल्या बाजूला बसू?

रानमोगरी

संध्याकाळी सूर्य पाठीमागे हवा, म्हणजे पश्चिमेकडच्या काठावरून पूर्वेकडे तोंड. मार्चात आपल्याकडे दुपारनंतर वारा बहुधा पश्चिमेकडूनच असतो, त्यामुळे वारा आणि ऊन दोन्ही एकाच वेळी पाठीवर मिळतात. सकाळी हे जुळत नाही, म्हणून उतरत्या पक्ष्यांसाठी मला संध्याकाळच आवडते. तरी तिथे गेल्यावर चिमूटभर माती हवेत सोडून बघा. मोटरबोटीच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने.

निफाडकर

या रविवारी नका येऊ बंड्याभाऊ. कालच आवर्तन सुटलंय, पाणी चढतंय, चिखल सगळा बुडाला. पाणी उतरलं की इथेच लिहितो. तोवर द्राक्षं न्यायची असतील तर मात्र लगेच या, बाग अजून चार-पाच दिवसच आहे.